‘जी’ : वऱ्हाडी बोलीतील एका अक्षराचा शब्द

वऱ्हाडात नव्याने आलेले धर्मगुरू व धर्मभगिनी मराठी शिकतात ती बहुधा पुस्तकातून. विभक्ती, सर्वनामे, क्रियापदांची रूपे यांचा अभ्यास होतो, प्रार्थना पाठ होतात, आणि मग पहिल्याच रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या दाराशी उभे असताना एक अक्षर त्यांच्या कानावर पुन:पुन्हा पडू लागते. "कवा आले जी?" "बसा ना जी." "हाव जी." "नाही जी, तसं नाही." कोणी तर नुसतेच "जी" म्हणून हात जोडतो. पाठ्यपुस्तकात या अक्षराला एखादी ओळ मिळालेली असते : ‘आदरार्थी प्रत्यय’. तेवढ्या ज्ञानावर अमरावती-अकोल्याकडे काम भागत नाही. उलटपक्षी येथील भाविक हा शब्द दिवसभर उच्चारीत असतात, तरी त्याच्याकडे थांबून पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावर सहसा येत नाही. या दोन्ही प्रकारच्या वाचकांसाठी ‘जी’चे अर्थ, त्याचा इतिहास आणि त्याच्या वापरातून होणारे गैरसमज यांची माहिती आम्ही येथे देत आहोत.

रोजच्या बोलण्यातील ‘जी’

प्रथम हे ध्यानात घ्यावे की ‘जी’चा अर्थ अक्षरापेक्षा स्वरात अधिक आहे. आईने अंगणातून हाक मारली आणि घरातून मुलाने तुटकपणे "जी" म्हटले, तर त्याचा अर्थ ‘ऐकले, मी येथे आहे’ एवढाच होतो. तोच शब्द शेवटी आवाज चढवून "जी?" असा उच्चारला की तो प्रश्न बनतो : ‘काय म्हणालात? नीट ऐकू आले नाही.’ जुन्या वळणाच्या घरांतून मुलांना अजूनही शिकवितात की वडीलधाऱ्यांनी हाक मारली असता "आँ?" म्हणू नये, "जी" म्हणावे.

कोणी आपली हकीकत सांगू लागला की ऐकणारा मधून मधून "जी... जी..." म्हणत राहतो. हा हुंकार होय. यात मान्यता नसते, मतही नसते; ‘तुमचे बोलणे माझ्यापर्यंत पोचते आहे, पुढे सांगा’ एवढीच पोच असते. पोवाड्यात शाहिराच्या मागे उभे असलेले झीलकरी ‘जी जी रं जी’ असा सूर धरतात, तोही याच जातीचा. शाहीर सांगतो आणि त्याचे साथीदार साऱ्या श्रोत्यांच्या वतीने हुंकार देतात. वऱ्हाडातील एखाद्या वृद्ध गृहस्थाशी बोलताना आपण बराच वेळ गप्प राहिलो तर तो मध्येच थांबून "ऐकून राह्यले ना जी?" असे विचारतो. नव्या धर्मगुरूंना हे चमत्कारिक वाटते. आपण तर एकाग्रतेने ऐकत होतो, असे त्यांचे म्हणणे असते. परंतु सांगणाऱ्याला हुंकार हवा असतो.

होकाराचा प्रकार आता पाहू. "हाव जी" अथवा "हो जी" यात होकार ‘हाव’मध्ये आहे, ‘जी’ त्याला केवळ अदब देतो. याचा पुरावा असा की "नाही जी" हेही तितक्याच सहजतेने म्हटले जाते. किंबहुना नकाराची धार बोथट करण्यासाठी ‘जी’ची गरज अधिक पडते. जेवायला बसा असा आग्रह झाला आणि पाहुण्याने नुसते "नाही" म्हटले तर घरचे दुखावतात; "नाही जी, आत्ताच झालं" म्हटले की विषय संपतो. आज्ञार्थी क्रियापदापुढे आला असता हाच शब्द हुकमाची विनंती करतो : "चला जी", "च्या घ्या जी".

‘काय’ला जोडून आलेल्या ‘जी’ची तर अनेक रूपे आहेत. रस्त्यात ओळखीचा माणूस भेटला की "काय जी, कुठं चालले?" हा नमस्कार झाला, त्याला उत्तर देण्याची फारशी गरज नसते. "काय जी, तुमी बी असं बोलता?" यात आदर शिल्लक ठेवून केलेली तक्रार आहे. "कायचं काय जी!" हा उघड अविश्वास. आणि दोन शेजाऱ्यांचा बांधावरून वाद पेटला असता तिसरा मध्ये पडून "जाऊ द्या जी" म्हणतो, तेव्हा त्या एका अक्षरात दोघांचाही मान राखला जातो.

‘अजी’ हे याच शब्दाच्या घरातले. मागच्या पिढीतील स्त्रिया पतीचे नाव घेत नसत. "अजी, ऐकलं का?" ही हाक म्हणजे जणू पतीचे नावच असे, आणि घरात चार पुरुष असले तरी ती नेमकी कोणाला आहे हे सर्वांना कळे.

गा, वं आणि जी

वऱ्हाडी बोलीत समोरच्या व्यक्तीला उद्देशून वापरावयाचे तीन मुख्य शब्द आहेत. पुरुषाला ‘गा’, स्त्रीला ‘वं’ आणि आदराने बोलावयाचे असल्यास ‘जी’. "कुठी चाल्ला गा?", "कुठी चाल्ली वं?", "कुठी चालले जी?" या तीन वाक्यांत प्रश्न एकच आहे, पण विचारणारा व उत्तर देणारा यांचे नाते तिन्हींत निराळे. ‘गा’ आणि ‘वं’ यांत तुच्छता नाही; ते बरोबरीचे, जिव्हाळ्याचे शब्द आहेत. आईला "माय वं" म्हणणारा मुलगा तिचा अनादर करीत नाही. ‘गा’ हा शब्दही अतिशय जुना असून ज्ञानेश्वरीत श्रीकृष्ण अर्जुनाशी बोलताना तो पदोपदी येतो.

या तिघांत ‘जी’चे वैशिष्ट्य असे की त्याला लिंग नाही. सरपंच पुरुष असो वा स्त्री, शाळेतील गुरुजी असोत वा बाई, सर्वांना एकच ‘जी’. मराठीसारख्या भाषेत, जिच्यात ‘आला’ की ‘आली’ हे ठरविल्याशिवाय साधे वाक्य पुरे होत नाही, ही गोष्ट थोडी नव्हे.

तथापि येथे एक अप्रिय बाबही नमूद केली पाहिजे. ‘जी’ कोणी कोणाला म्हणावयाचे हे वऱ्हाडच्या गावगाड्यात ठरलेले असे. वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा सालदार मालकाला "जी" म्हणे, आणि मालकाकडून त्याला "गा" मिळे. मग सालदार साठ वर्षांचा व मालकाचा मुलगा सोळा वर्षांचा का असेना. ज्या जातींना गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्यांच्या तोंडी ‘जी’ सदैव होता, कानी मात्र तो क्वचितच आला. म्हणूनच आदराचा हा शब्द काहींना आजही लाचारीचा वाटतो, आणि ‘जीहुजूर’, ‘जीहुजुरी’ या शब्दांत तर तो थट्टेचाच झाला आहे. आमच्या चर्चच्या आवारातही हा भेद पुरता पुसला गेला आहे, असे आम्हांस म्हणवत नाही. धर्मग्राम समितीच्या अध्यक्षांना ‘जी’ आणि आवार झाडणाऱ्या वृद्ध भावाला ‘गा’, हे रविवारी सकाळी कोणीही ऐकू शकेल. ते जिव्हाळ्याचे ‘गा’ आहे की दुसरे, हे त्या भावालाच विचारावे लागेल.

हा शब्द हिंदीतून आला काय?

बहुतेकांची समजूत तशी आहे. पुण्या-मुंबईकडील मंडळी वऱ्हाडी माणसाचे "हो जी" ऐकून ‘तुमची मराठी हिंदीमिश्रित आहे’ असा शेरा मारतात आणि वऱ्हाडी माणूसही ओशाळून ते कबूल करतो. समजुतीला वरकरणी आधारही आहे. वऱ्हाड प्रांत निजामाच्या राज्यात होता. १८५३ मध्ये त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला आणि १९५६ पर्यंत नागपूर ही त्याची राजधानी राहिली. नागपूरच्या कचेऱ्यांतून हिंदी व मराठी दोन्ही चालत. या सहवासाच्या खुणा बोलीत आहेत, हे नाकारता येत नाही. ‘मी जेवून राह्यलो’ ही वाक्यरचना हिंदीच्या वळणाची आहे, असे अभ्यासक सांगतात. तेव्हा ‘जी’देखील त्याच गाडीने आला असावा, असा तर्क लोक करतात.

हा तर्क चुकीचा आहे, आणि तो खोडून काढणारा पुरावा वऱ्हाडातच, अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात आहे. रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे थोर क्षेत्र. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांचे वास्तव्य तेथे होते. स्वामींच्या प्रयाणानंतर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य व इतर अनुयायी गोविंदप्रभूंच्या सेवेसाठी तेथे राहिले आणि त्याच परिसरात, इ. स. १२७८ च्या सुमारास, म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठीतील हा आद्य गद्यग्रंथ होय. म्हाइंभटांची पद्धत आजच्या बातमीदारालाही धडा घालून देईल अशी होती : स्वामींना ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी एकेक आठवण विचारून घेतली. त्यामुळे ग्रंथात पंडिती भाषा थोडी आणि माणसांचे खरेखुरे बोलणे फार.

त्या बोलण्यात ‘जी’ जागोजागी आहे. शिष्य स्वामींशी बोलू लागले की आरंभी ‘जी जी’ येते, होकारात ‘हो जी’ येते, आणि नकार द्यावयाचा झाल्यास ‘ना जी’. आज अचलपूरच्या किंवा मूर्तिजापूरच्या बाजारात ऐकू येणारी ही बोलण्याची रीत साडेसातशे वर्षांपूर्वी लेखणीने टिपून ठेवलेली आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १२९० मध्ये, गोदावरीच्या खोऱ्यात नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अगदी पहिल्या ओवीतही नमनापाठोपाठ ‘जी’ आहे. अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवरील पहिली स्वारी १२९६ ची. म्हणजे उत्तरेकडील सत्ता, आणि तिच्यासोबतची भाषा, दक्षिणेत पाय ठेवण्यापूर्वीच ‘जी’ मराठीत पुरता मुरलेला होता.

तेव्हा हिंदीतील ‘जी’ आणि मराठीतील ‘जी’ यांना फार तर सख्खी भावंडे म्हणावे. त्यांचे मूळ कोणते याविषयी दोन मते आहेत. बरेचसे कोशकार ते संस्कृत ‘जीव’ या धातूच्या आज्ञार्थी रूपात पाहतात : ‘जग’, ‘आयुष्यमान हो’. मोठ्यांना उद्देशून म्हटलेली ही शुभेच्छा झिजत झिजत एका अक्षरावर आली, असे ते मानतात. दुसऱ्या मताप्रमाणे ‘आर्य’ या शब्दाचे प्राकृतात ‘अज्ज’ झाले, त्यापासून ‘अजी’ आणि मग ‘जी’. आम्हांस पहिले मत अधिक मनास येते. परंतु ‘अजी’ ही हाक दुसऱ्या मताच्या बाजूने साक्ष देते, हेही मान्य केले पाहिजे.

मग झाले काय? शब्द आला नाही, तो राहिला. पश्चिमेकडील शिष्ट मराठीने ‘अहो’, ‘राव’, ‘साहेब’ यांवर भागविण्यास सुरुवात केली व ‘जी’ तिच्या नित्याच्या बोलण्यातून बराचसा मागे पडला. तिकडील खेड्यांतून "व्हय जी" अजून ऐकू येते तेवढेच. पुढे पुण्याकडील सुशिक्षितांची भाषा ही शाळेची व छापखान्याची भाषा झाली आणि तिच्यात जे नाही ते अशुद्ध ठरले. आमच्यापैकी एकाने लहानपणी वर्गात बाईंना "हो जी" म्हटले, म्हणून त्याला तासभर बाकावर उभे राहावे लागले होते. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्या काळी कोणत्याही शाळेत हे घडू शकले असते. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ने १९६० मध्ये वऱ्हाडी बोलीतील संवाद मराठी कादंबरीत सन्मानाने आणले, तरी वर्गातील शिस्त लगेच बदलली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि त्याच वर्षी मराठी भाषा विद्यापीठाचा कारभार सुरू झाला तो पुण्यात नव्हे, रिद्धपुरात. बाकावर उभा राहिलेला तो मुलगा आता निवृत्त झाला आहे.

नावाला चिकटलेला ‘जी’

नावापुढे ‘जी’ लावण्याची रीत मराठी मुलखात एकेकाळी इतकी रुळली होती की तो नावाचाच भाग होऊन बसला. शहाजी, शिवाजी, तानाजी ही नावे ‘जी’ काढून घेतल्यास ओळखू येणार नाहीत. वऱ्हाडात तर ही रीत अगदी अलीकडेपर्यंत जिवंत होती. संत गाडगे महाराजांचा जन्म १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे बापाच्या व लेकाच्या दोघांच्याही नावात ‘जी’. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९०९ मध्ये यावली येथे जन्मले; त्यांचे वडील बंडोजी, गुरू वरखेडचे आडकोजी महाराज. वणीचे माधव श्रीहरी अणे देशभर ओळखले गेले ते बापूजी अणे म्हणून. ही नावे धनिकांचीच होती असेही नाही. डेबूजी परिटाच्या घरातले.

गंमत अशी की ‘जी’ नावात मुरला की त्याचा आदर संपतो, आणि मग दुसरा आदर जोडावा लागतो : शिवाजी महाराज, तुकडोजी महाराज, तुकोजीराव. नाण्यावरचा छाप झिजला की नवे नाणे पाडावे लागते, तसे हे आहे.

नात्यांतही तो आहे. मामंजी, भाऊजी, गुरुजी ही रूपे साऱ्या महाराष्ट्राची. वऱ्हाडात त्यांत भर पडून मास्तरजी झाले, आणि चर्चच्या आवारात फादरजी व सिस्टरजी झाल्या. वसई अथवा गोव्याकडून आलेल्या धर्मगुरूंना ‘फादर’ या शब्दातच आदर आहे, वर आणखी ‘जी’ कशाला, असे वाटते व ते संकोचाने "नुसतं फादर म्हणा" असे सुचवितात. त्यांनी तसे सुचवू नये, अशी आमची नम्र विनंती आहे. वऱ्हाडी कानाला ‘फादर’ हे पद वाटते; माणसाशी बोलावयाचे तर ‘जी’ लागतो.

सारखे दिसणारे सर्वच ‘जी’ मात्र एका कुळातील नव्हेत. ‘आजी’ हा शब्द ‘आर्यिका’पासून आला, ‘माजी’ आणि ‘काजी’ हे अरबीतून. ‘जी बाई काल आली ती’ यातील ‘जी’ हे संबंधी सर्वनाम असून त्याचा आदराशी काही संबंध नाही. आणि २०२२ पासून भ्रमणध्वनीवर आलेला ‘फाइव्ह जी’ तर इंग्रजी वर्णमालेतला. अकोल्याच्या एका दुकानात "फाइव्ह जी आहे का जी?" असा प्रश्न आम्ही स्वत: ऐकला आहे, आणि उत्तर आले, "हाव जी."

‘जी’ म्हणजे ‘होय’ नव्हे

ही माहिती आम्ही ज्यासाठी देण्यास घेतली, तो मुद्दा आता येतो. परप्रांतातून आलेला माणूस ‘जी’ हा शब्द हिंदी चित्रपटांतून शिकलेला असतो व त्याचा अर्थ तो ‘होय’ असा घेतो. वऱ्हाडी वृद्धाच्या तोंडी त्याचा अर्थ पुष्कळदा ‘ऐकतो आहे’ एवढाच असतो. या दोन अर्थांमधील फटीत माणसे पडतात.

आमच्या नात्यातील एक वृद्ध बाई काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात होत्या. घरी जाण्याच्या दिवशी परिचारिकेने त्यांना तीन प्रकारच्या गोळ्या कशा घ्यावयाच्या ते समजावले. प्रत्येक वाक्याला बाईंनी "जी" म्हटले. परिचारिका निर्धास्त झाली. तिने मन लावून समजावले होते, आणि रुग्णाने प्रत्येक गोष्ट मान्य केली होती. प्रत्यक्षात बाईंना तिचे बोलणे निम्मेदेखील कळले नव्हते. मोठ्या आवाजात बोलणाऱ्या, घाईत असलेल्या, शिकलेल्या व्यक्तीला मध्येच थांबविणे त्यांच्या वळणात बसत नव्हते. त्यांनी हुंकार दिला, एवढेच. रात्रीची गोळी त्या आठ दिवस सकाळी घेत राहिल्या आणि चक्कर येऊन पडल्या. दोष त्या परिचारिकेचा नव्हता, बाईंचा तर नव्हताच. पुढे घरच्यांनी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "तिनं सांगतलं, म्या ऐकलं."

हाच प्रकार विवाहाच्या बाबतीत अधिक गंभीर होतो. विवाह घडतो तो वधूवरांच्या संमतीने, आणि ती संमती दुसरे कोणी त्यांच्या वतीने देऊ शकत नाही, हे ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील कलम १०५७ स्पष्ट सांगते. कलम ११०४ प्रमाणे ही संमती वधूवरांनी शब्दांत व्यक्त करावयाची असते. बोलता येत नसेल तरच खुणा चालतात. आणि बळजबरीने अथवा मोठ्या भीतीपोटी दिलेली संमती कलम ११०३ नुसार संमतीच ठरत नाही. आता विवाहपूर्व चौकशीच्या वेळी खोलीत बसलेली मुलगी डोळ्यांसमोर आणावी. दाराबाहेर वडील व काका उभे आहेत. धर्मगुरू विचारतात, "हे लग्न तू स्वखुशीने करीत आहेस ना?" मुलगी म्हणते, "जी." हे ‘होय’ आहे की ‘तुमचा प्रश्न ऐकला’ हे आहे? वऱ्हाडी धर्मगुरूलाही हे केवळ आवाजावरून सांगता येणार नाही, मग केरळातून आलेल्याला कोठून कळावे?

यावर उपाय साधा आहे, आणि अनुभवी धर्मगुरू तो जाणतातच. ज्याचे उत्तर ‘जी’ने देता येईल असा प्रश्न विचारू नये. "स्वखुशीने ना?" याऐवजी "मुलगा पहिल्यांदा कुठं भेटला? काय बोलणं झालं?" असे विचारावे. "गोळ्या कळल्या ना?" याऐवजी "रात्री कोणती गोळी घ्याल, दाखवा बरं" असे म्हणावे. मग माणूस बोलू लागतो.

‘जी’चा मूळ स्वभाव गप्प बसण्याचा नव्हताच. लीळाचरित्रातील महदाइसा ही स्वामींना सर्वांत अधिक प्रश्न विचारणारी शिष्या. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून आपण तिला ओळखतो. तिचे धवळे रिद्धपूरचेच. तिच्या बोलण्यातही ‘जी जी’ येते, पण ते वाक्याच्या शेवटी मान तुकविण्यासाठी नव्हे, तर आरंभी, पुढचा प्रश्न विचारण्याची वाट मोकळी करण्यासाठी. आपल्या धर्मग्रंथात, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, बालक शमुवेलाला रात्री हाक ऐकू येते तेव्हा तो जे इब्री उत्तर देतो, ‘हिन्नेनी’, त्याचा अर्थ ‘हा मी येथे आहे’ असा होतो. त्याला वऱ्हाडीत ‘जी’हून जवळचा शब्द नाही, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात ही कथा सांगताना तो खुशाल वापरावा. तेथेही शमुवेल ‘जी’ म्हणून झोपी जात नाही. तो उठतो, एलीकडे धावतो, विचारतो, परत येतो, आणि अखेर जे ऐकतो ते सकाळी एलीला सांगण्याचे अवघड काम त्याच्यावर येते.

शेवटी धर्मग्रामाच्या सभांविषयी दोन शब्द. सणाच्या तयारीची सभा भरते, धर्मगुरू कामांची वाटणी वाचून दाखवितात, प्रत्येक नावामागून "जी" येते, आणि ठरल्या दिवशी मंडप घालायला तिघेच जण हजर असतात. धर्मगुरू रागावतात. त्यांनी नोंदवहीत होकार लिहिलेले असतात. लोकांनी हुंकार दिलेले असतात. ज्यांना काम जमणार नव्हते, त्यांना ते सभेतच सांगण्यासाठी बोलीत शब्द नाही असेही नाही. "नाही जी, त्या दिवशी वेचणी हाय" असे म्हटल्याने कोणाचाही अवमान होत नाही. रिद्धपूरच्या शिष्यांना तर प्रत्यक्ष स्वामींसमोरही ‘ना जी’ म्हणता येत होते.